महाबळेश्वरच्या उलट्या दिशेला

शुक्रवार

मे महिन्यात साताऱ्याच्या एसटी स्टँडवर पाचगणी-महाबळेश्वरच्या गाड्यांसमोरची गर्दी बघितली की वाटतं, अख्खं पुणे घाम पुसत तिकडेच निघालंय. आम्ही त्या गर्दीला वळसा घालून दहिवडीच्या फलाटाकडे गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी आत्या. आत्या सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, जीभ शाबूत. ती गेली कित्येक वर्षं उन्हाळ्यात गोंदवल्याला, गोंदवलेकर महाराजांच्या समाधीला जाते. "डिसेंबरात उत्सवाला जावं ना, थंडी असते," असं मी एकदा म्हटलं होतं. त्यावर म्हणाली, "उत्सवात महाराज सगळ्यांचे असतात. मे महिन्यात निवांत भेटतात."

मी तिच्याबरोबर निघाले त्याला भक्ती हे कारण नव्हतं, हे आधीच सांगते. मी हिशेबाच्या धंद्यातली. मार्च एंड, त्यामागोमाग एप्रिलची निस्तरानिस्तर, तारखा, नोटिसा, उत्तरं. मे उजाडला तेव्हा असा थकवा आला होता की तो झोपेनं जात नव्हता. रविवारी भरपूर झोपून उठले तरी 'संध्याकाळी भाजी कुठली करायची' एवढ्या प्रश्नानं डोळ्यांत पाणी यायचं. आत्या घरी आली होती, तिनं ते बघितलं आणि माझी पिशवी तिनंच भरली. "मोबाईल घे, पण चार्जर मी ठेवते माझ्याकडे."

सातारा जिल्हा हा एकच जिल्हा आहे हे पटायला जड जातं. पश्चिमेला महाबळेश्वर, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पूर्वेला माण तालुका, तिथे पाचशे पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. बस कोरेगावपर्यंत उसाच्या मळ्यांमधून जाते. वर्धनगडाचा घाट ओलांडला, पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या मंदिराला चालत्या गाडीतूनच हात जोडून झाले की हिरवा रंग हळूहळू कमी होत जातो. मग नुसते माळ, बाभळी, मेंढरं, आणि मेंढरांच्या मागे काठी खांद्यावर आडवी टाकून चाललेला कुणीतरी. दहिवडी आलं तेव्हा खिडकीची दांडी हात लावायच्या लायकीची उरली नव्हती.

गोंदवले बुद्रुक हे सातारा-पंढरपूर रस्त्यावरचं गाव. संस्थानच्या कार्यालयात ओळखपत्र दाखवलं, नाव-गाव लिहिलं, किल्ली मिळाली. राहण्या-जेवण्याचे पैसे इथे मागत नाहीत. ज्याला द्यायचे तो देणगी देतो, न देणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. खोली म्हणजे गाद्या, पंखा आणि खुंट्या. माझ्या डोक्यात लगेच सुरू झालं: संध्याकाळी काय करायचं, उद्या कुठे जायचं, किती वाजता उठायचं? आत्या पदर वाऱ्याला धरून बसली होती. "तू कशाला ठरवतेस? इथे घंटा ठरवते."

संध्याकाळी पंचपदी झाली. मला एकही पद पूर्ण येत नव्हतं. टाळ्या मात्र वाजवल्या.

शनिवार

पहाटे काकड आरतीला अंधारात बाहेर पडलो तेव्हा कळलं की माणमधला मे महिना दिवसातून एकदा, फक्त याच वेळी, अंगाला बरा वाटतो. वाळलेल्या मातीतून गार वारा येत होता. मंदिरात माणसं मोजकीच होती. खाली समाधी, वर गोपाळकृष्ण. आत्या खांबाला टेकून बसली आणि तिच्या बोटातला तो अंगठीसारखा काउंटर टिकटिकायला लागला. 'श्रीराम जय राम जय जय राम', तेरा अक्षरं. हल्ली जपमाळेपेक्षा हे काउंटर जास्त दिसतात. कॉलेजच्या पोरांच्या हातातही असतात.

ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज म्हणजे गणपती रावजी घुगरदरे. जन्म १८४५ चा, याच गावातला. लहानपणीच गुरूच्या शोधात घर सोडलं, येहळेगावच्या तुकामाईंकडे ते पोचले, आणि फिरून शेवटी गावीच येऊन राहिले. २२ डिसेंबर १९१३ ला देह ठेवला. संत म्हटला की डोळ्यांसमोर गुहा आणि जटा येतात, तसं इथे काही नाही. हा संसारी माणूस. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी आटपाडीच्या एका अंध मुलीशी लग्न केलं. त्या आईसाहेब. प्रपंच टाकून द्या असं त्यांनी लोकांना सांगितलं नाही, नाम घेत प्रपंच करा म्हणाले. माझ्यासारखीला हे ऐकायला बरं वाटतं आणि करायला घेतलं की अवघड जातं.

मी बसून बघितलं. डोळे मिटले, मंत्र सुरू केला. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला एका गिऱ्हाइकाचं जीएसटीचं विवरणपत्र डोळ्यांसमोर आलं, त्यातला न जुळणारा आकडा आला, तो का जुळत नाही हेही सुचलं. परत मंत्र. परत आकडा. नाश्त्याच्या वेळी आत्याला सांगितलं तर म्हणाली, "आकडा जुळला ना? झालं तर मग." मला वाटलं होतं ती रागावेल.

दुपार मात्र अंगावर आली. पारा चाळिशीच्या आसपास, पंखा गरम हवा फिरवतोय, आत्या घोरतेय, वाचायला काही आणलेलं नाही, मोबाईलची बॅटरी संपत आलेली. मला कंटाळा आला, आणि तो सुट्टीतला गोड कंटाळा नव्हता. कुठलीतरी चूक झाल्यावर येते तशी बेचैनी होती. शांततेच्या शोधात निघालेल्यांना पहिल्या दुपारी काय होतं हे कुणी सांगत नाही. शांतता मिळते ती नंतर, आधी आपण जी आदळआपट डोक्यात घेऊन आलेलो असतो ती मोठ्यानं ऐकू येते. मी भिंतीवरची पाल बघत पडून राहिले. पालही हलत नव्हती.

ऊन उतरल्यावर आत्यानं गावात नेलं. थोरलं राममंदिर, धाकटं राममंदिर, मग गोशाळा. महाराजांना गाईंचा भारी लळा होता. कसायाकडे निघालेल्या गाई ते पैसे मोजून सोडवून आणायचे असं सांगतात. थोरल्या राममंदिराच्या ओट्यावर एक म्हातारेबुवा बसले होते. ते आत्याला ओळखत होते, किंवा ओळखत असल्यासारखे बोलत होते.

"कुठलं म्हनायचं पावनं?"

"पुण्याची भाची," आत्या म्हणाली.

"उन्हाळ्यात आनलीसा? सोसंल का?"

मग त्यांनी १८७६-७७ च्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. ती चरित्रातही आहे. पण त्या ओट्यावर, त्या धुळीत ऐकताना ती वेगळी लागली. दख्खनच्या त्या दुष्काळात लोक गावंच्या गावं सोडून जात होते. महाराजांनी आपल्या शेतावर माणसं कामाला लावली आणि त्यांना जेवू घातलं. काम काय, तर शेताच्या एका अंगाची माती उचलायची आणि दुसऱ्या अंगाला टाकायची.

"आन् मग?" मी विचारलं.

"मग काय? संपलं की तिकडची हिकडं."

मला आधी हसू आलं. पण फुकट खाल्ल्याचा सल मनात राहू नये म्हणून दिलेलं ते काम. त्या मातीतून काही उगवायचं नव्हतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी रोज संध्याकाळी पंगत बसत होती.

रविवार

नाश्ता झाल्यावर आत्यानं मला स्वयंपाकघराच्या बाजूला नेलं. ताडपत्रीवर गवारीचा ढीग आणि भोवती बायका. कुणी बोलावत नाही, कुणी कामं वाटत नाही. जागा दिसली की बसायचं. आत्याला खाली बसता येत नाही, म्हणून तिला स्टुलावर कोथिंबीर निवडायला दिली. मी गवारीपाशी बसले.

गवार मोडायला डोकं लागत नाही असं ज्याला वाटतं त्यानं कधी पंगतीची गवार मोडलेली नाही. देठ खुडायचं, त्याच ओढीत शीर काढायची, शेंग उलटी धरून दुसरी शीर, मग तुकडे. कोवळी असली तर शीर निघतच नाही, शेंग नुसती टचकन मोडते. जून निघाली तर शीर शेंड्यापर्यंत अखंड येते आणि बोटाला गुंडाळली जाते. शेंगेवरची बारीक लव आधी जाणवत नाही. थोड्या वेळानं बोटांची पेरं चुरचुरायला लागतात, नखांच्या कडा काळ्या-हिरव्या होतात. माझ्या शेजारी हुबळीहून आलेल्या एक बाई होत्या. महाराजांचा मोठा परिवार कर्नाटकात आहे, इथे कानडी सारखं कानावर पडतं. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कानडी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दोन-तीन शेंगा एकदम चिमटीत घेतल्या, देठं जुळवली आणि एकाच झटक्यात खुडून दाखवली. "हीगे," म्हणाल्या. मी केलं. "हीगे, हीगे." एवढंच आमचं संभाषण. बाकी त्यांचे ओठ हलत होते, आणि त्या काय म्हणताहेत हे कळायला भाषा यायची गरज नव्हती.

ढीग संपत आला की कुणीतरी येऊन नवं पोतं ओतायचं. पहिल्या पोत्यानंतर मला राग आल्यासारखं झालं. इतक्या मेहनतीनं कमी केला होता तो! दुसरं ओतलं तेव्हा काही वाटलं नाही. त्यानंतर मी बघायचंच सोडलं. माझ्या कामात प्रत्येक आकडा कुणाच्या तरी सहीपर्यंत जातो. तो चुकला तर माझा, बरोबर आला तर साहेबांचा. इथे मी किती मोडली, कशी मोडली, कुणी विचारणार नव्हतं, आणि उठून गेले असते तरी अडवणार नव्हतं. मी उठले नाही. मंत्र म्हणायचा असं काही ठरवलं नव्हतं, पण शेजारून येणारी ती लय बोटांना लागली आणि कधीतरी माझंही सुरू झालं. जीएसटी आलं नाही. आलं असतं तरी हात थांबले नसते.

दुपारच्या पंगतीत 'जानकी जीवन स्मरण जय जय राम' असा गजर झाला, पानावर भात, आमटी, ताक आणि ती गवार आली. हुबळीच्या बाई समोरच्या ओळीत होत्या. त्यांनी वाटीतला तुकडा उचलून मला दाखवला आणि हसल्या. तो कुणी मोडलेला होता, देव जाणे.

त्या दुपारी मी झोपले. पंखा तीच गरम हवा फिरवत होता.

सोमवार

शिखर शिंगणापूरला जायचं तर पहाटे निघा, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. दहिवडीपर्यंत एसटी, पुढे वडाप. वडाप म्हणजे या भागातली खचाखच भरून चालणारी जीप. "मावशी, जरा सरकून बसा, अजून दोघं हायती," असं म्हणत ड्रायव्हरनं चौघांना कोंबलं. आत्यानं त्याला असं बघितलं की पाचवा टपावर गेला.

वाटेतल्या उघड्या डोंगरांवर आडव्या रेघा मारल्यासारखे समतल चर दिसतात. ड्रायव्हर न विचारता सांगायला लागला. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१८ साली राज्यात पहिला क्रमांक याच माण तालुक्यातल्या टाकेवाडीला मिळाला होता. ऐन एप्रिल-मेच्या उन्हात गावंच्या गावं फावडी घेऊन डोंगरावर चढली होती. "पाऊस पडंल का न्हाई त्ये आपल्या हातात हाय व्हय? खड्डा आपल्या हातात," तो म्हणाला आणि दुसऱ्याच दमात समोरच्या ट्रकवाल्याला शिवी हासडली.

शिंगणापूरचा शंभूमहादेव हे भोसले घराण्याचं कुलदैवत. डोंगराच्या माथ्यावर दगडी मंदिर, वर जायला पायऱ्या, वाटेत उंच दरवाजे. आत्यानं पायऱ्या बघून खालीच बसणं पसंत केलं. "तू जा. त्याला सांग मी आलेय." सकाळचं ऊन कोवळं होतं तरी अंगणातली फरशी तापायला लागली होती. मी अनवाणी पावलं उचलत गाभाऱ्यात घुसले आणि आतल्या अंधारात पहिल्यांदा काही दिसेचना. मग दोन लिंगं दिसली, शिव आणि शक्ती, शेजारी शेजारी. गर्दी नव्हती. ओल्या दगडाचा, बेलाचा, तुपाचा वास होता. पुजाऱ्यांनी घाई केली नाही. मी काही मागायचं विसरले हे बाहेर आल्यावर लक्षात आलं.

इथली खरी यात्रा चैत्रात असते. अष्टमीला शिवपार्वतीचं लग्न लागतं, मंदिराच्या शिखरापासून बळीच्या मंदिरापर्यंत लांबच लांब ध्वज बांधतात. द्वादशीला कावडी येतात. सासवडकडची भुतोजी तेल्याची कावड सगळ्यांत मानाची. कऱ्हेचं पाणी भरून माणसं उन्हातान्हात चालत येतात आणि मुंगी घाटाचा उभा कडा हातांची साखळी करून चढवतात. ऐन टंचाईच्या दिवसांत, पाण्याचे टँकर जिथे फिरतात तिथून, पाणी डोंगरावर वाहून न्यायचं आणि दगडावर ओतायचं. हिशेबाच्या कुठल्याही वहीत हे बसणारं नाही. लिंबू सरबताच्या टपरीवाल्याला मी तसं म्हटलं. कावड खांद्यावर घेतल्याचं त्यानंच आपणहून सांगितलं होतं.

"घाटात कसं वाटतं?"

"वाटाया टाइम कुठं आस्तो, ताई? पुढचा हात देतो, मागचा ढकलतो. आपन आपलं पाय उचलायचं." सरबतात मीठ टाकत पुढे म्हणाला, "वर पोचल्यावर पानी कवा वतलं त्ये सुदिक बगितलं न्हाई मी औंदा. रडत हुतो."

डोंगराच्या पायथ्याशी मोठा तलाव आहे. यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात म्हणून शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी इ. स. १६०० च्या सुमारास तो बांधला. आम्ही गेलो तेव्हा पाणी पार तळाला गेलं होतं. काठावर भेगाळलेला चिखल आणि मधे शेळ्या. आत्या बराच वेळ त्या तलावाकडे बघत बसली. मी विचारलं, काय बघतेस? "काही नाही. चारशे वर्षं लोक याचं पाणी पितायत आणि त्यातले किती जण मालोजीचं नाव घेत असतील?" मग तिला भूक लागली.

मंगळवार

गोंदवल्याहून सकाळी निघून परत साताऱ्याला आलो. दुपार स्टँडवर घालवली, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उन्हं कलल्यावर सज्जनगडाची एसटी पकडली.

सज्जनगडावर गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या. आत्यानं शिंगणापूरला जो हट्ट केला नाही तो इथे केला: चढणारच. दहा पायऱ्या, थांबा. दहा पायऱ्या, थांबा. माझ्या आधीच्या स्वभावानं मी घड्याळ बघितलं असतं. घड्याळ हातात होतं, पण तिच्याबरोबर थांबायचं एवढंच काम असल्यावर बघून करणार काय! पहिला दरवाजा शिवाजी महाराजांच्या नावाचा, पुढचा समर्थांच्या. रात्री हे दरवाजे बंद होतात. एकदा बंद झाले की वर कुणी येत नाही, खाली कुणी जात नाही. हे ऐकून मला जो दिलासा वाटला तो सांगूनही कुणाला पटणार नाही.

या गडाचं जुनं नाव परळी. शिवाजी महाराजांनी तो १६७३ मध्ये घेतला आणि पुढे समर्थ रामदास इथे राहायला आले. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला त्यांनी इथेच देह ठेवला. समाधीवरचं राममंदिर संभाजी महाराजांनी बांधवलं. मंदिरातल्या राममूर्ती तंजावरच्या एका अंध कारागिरानं घडवल्या असं म्हणतात. मूर्तींच्या चेहऱ्यावरचं ते शांत हसू बोटांनी चाचपून काढलेलं असेल, असा विचार आला की त्या मूर्ती पुन्हा एकदा बघाव्या लागतात.

शेजघरात समर्थांचा पलंग आहे, कुबडी आहे, आणि दोन मोठाले हंडे. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी त्यातून खालच्या उरमोडी नदीचं पाणी रोज गडावर आणायचे, अशी परंपरा सांगते. मी त्या हंड्यांसमोर थबकले. रिकामा हंडा उचलायची माझी टाप नव्हती. ज्या पायऱ्या आत्ताच एका पाण्याच्या बाटलीसकट चढताना माझ्या पोटऱ्या भरून आल्या, त्या डोंगरानं भरलेले हंडे घेऊन, रोज. आणलं की सरणार, सरलं की आणायचं.

रात्री जेवणात गव्हाची खीर होती. जेवून धाब्याच्या मारुतीकडे गेलो. तिथे गडाचं टोक आहे आणि वारा असा की आत्याचा पदर मला धरून ठेवावा लागला. खाली उरमोडी धरणाचं आटलेलं पाणी, लांबवर साताऱ्याचे दिवे. मी आत्याला माझा शोध सांगायला लागले. की बघ, दुष्काळातली माती, गवारीची पोती, कावडीचं पाणी, हे हंडे, सगळं एकच आहे. राबायचं भरपूर, पण त्यातून जे निघेल ते आपल्या नावावर जमा होत नाही. आपण थकतो ते कामानं थकतच नाही, खात्यावर आपलं नाव असतं त्यानं थकतो. आणि म्हणून महाबळेश्वरला जाऊन…

"झालं?" आत्या म्हणाली. "इथेही ताळेबंद मांडलास."

"अगं, पण बरोबर आहे ना?"

"असेल. मला नाही कळत. मी आपली येते, बसते, जाते." मग थोड्या वेळानं, "कल्याणस्वामींना कुणी विचारलं असतं ना, की पाणी वाहून तुला विश्रांती कशी काय मिळते, तर त्यांनी हंडा त्याच्या डोक्यावर दिला असता."

वारा वाढला म्हणून उठलो.

बुधवार

पहाटेची आरती करून, गार आहे तोवर उतरलो. उतरताना आत्याला माझा खांदा लागला आणि मला तिची काठी.

कुणी विचारलंच तर माझं मत सांगून टाकते. सज्जनगड सुंदर आहे, वारा आहे, इतिहास आहे, उन्हाळ्यातली संध्याकाळ तिथे घालवावी अशीच आहे. पण तिथे मला सारखे फोटो काढावेसे वाटत होते. डोळे बाहेरच होते. शिंगणापूरला परत जाईन ती चैत्रात, कावडींसाठी, आणि घाटाच्या खालीच उभी राहीन. विसावा म्हणाल तर तो गोंदवल्याला मिळाला, कारण तिथे बघण्यासारखं जवळपास काहीच नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मात्र मे महिन्यात तिकडे फिरकू नका, त्यांचे हाल होतात आणि त्यांच्यामुळे तुमचे. थंडीत जा. उन्हाचा त्रास असणाऱ्यांनीही थंडीतच जावं. दुपारी बारा ते पाच ही वेळ खोलीतच काढायची आहे हे मनाशी धरून जावं, आणि पहिल्या दुपारी पळून यावंसं वाटलं तर दुसरी दुपार बघून मग ठरवावं.

साताऱ्याच्या स्टँडवर आत्यानं चार्जर परत दिला. फोन चालू झाला आणि ऑफिसचे निरोप एकामागोमाग एक यायला लागले. सगळ्यांत वरचा साहेबांचा होता, एका नोटिशीच्या उत्तराची तारीख जवळ आलीय म्हणून. 'उद्या आल्यावर बघते,' एवढं लिहिलं. पूर्वी मी तिथेच, फलाटावर उभं राहून, निम्मं उत्तर टाइप केलं असतं. हे कायम टिकेल असा दावा नाही. जूनमध्ये पुन्हा तारखा आहेतच.

स्वारगेटची गाडी लागली तशी महाबळेश्वरहून उतरलेली सगळी गर्दी स्ट्रॉबेरीच्या खोक्यांसकट दाराशी लोटली. मी कंदी पेढ्यांची पिशवी सांभाळत मागे राहिले. आत्या कुठे दिसेना. बघते तर ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला, टाचा उंचावून, खिडकीतून आत रुमाल टाकत होती.

"काका, रुमाल दिसत नाही का? दोन जागा आहेत आमच्या!"